सोसायटीच्या भिंतीवरची म्हैस

आप्पा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं, पण तुमच्यावरचा माझा संशय मात्र जागच्या जागी आहे. तुम्ही असतानाच विचारायला हवं होतं, असं लोक म्हणतील. त्यांनी तुम्हाला ओळखलेलं नाही. मी विचारलं असतं तर तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवली असती, अंगणाकडे बघितलं असतं आणि म्हणाला असता, "औंदा वैरणीचं काय खरं न्हाई बघ." अडचणीच्या प्रत्येक प्रश्नावर तुमच्याकडे वैरण होती. म्हणून आता लिहिते आहे. आता तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

तुम्ही दूध संघाचे कृत्रिम रेतन करणारे, पण नेसरीच्या आसपासच्या सगळ्या गावांत तुम्हाला डॉक्टरच म्हणत. फटफटीला तो नायट्रोजनचा डबा, झाकण उघडलं की पांढरी वाफ, आणि रविवारी मागच्या सीटवर डबा धरून बसलेली मी, तुमची लेक. गोठ्यात शिरलं की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं: "दार उघडं टाका. उजेड येऊ दे." मग मालक सांगायला लागायचा, मालकीणही सांगायची, तीही पदर सावरत नव्हे, चांगली ठणकावून, "सकाळधरनं रेकाय लागलीया डॉक्टर, दूध चोरलंय, सोट टाकलीया, माजावरच आलीया." तुम्ही हूं हूं करत ऐकायचा आणि त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. परत येताना मला सांगायचा, "मालकाचं ऐकायचं, पर जनावराला बघायचं. मालक खोटं बोलंल, जनावर न्हाई बोलायचं." माझा संशयी स्वभाव कुठून आला म्हणून माझे मिस्टर अजून विचारतात. तुमच्या फटफटीवरून आला.

आणि तो तक्ता. दूध सोसायटीत, माप घेणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर, आडवी कापून दाखवलेली म्हैस. आतलं सगळं गुलाबी आणि तांबडं, बाण काढून नावं लिहिलेली. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव किटल्या घेऊन त्याच्यापुढं रांगेत उभं राहायचं, नवीन लग्न झालेल्या सुना, म्हातारी माणसं, शाळेतले गुरुजी, मठातले स्वामी आले तर तेही. कुणाची मान खाली गेली नाही. गर्भाशय हा शब्द मी पुस्तकात वाचायच्या आधी त्या भिंतीवर वाचला, फॅटचा आकडा ऐकता ऐकता. पुढं शाळेत तोच शब्द धड्यात आला तेव्हा विज्ञानाचे गुरुजी म्हणाले, "ह्यो धडा सोपा हाय, घरी वाचा," आणि थेट प्रकाशाच्या परावर्तनावर गेले. घरी वाचायला बसले तर अव्वा, माझी आई, चुलीपासून म्हणाली, "परीक्षेला येत न्हाई ते कशाला वाचतीस?" येत नाही हे तिला कसं माहीत? मला तेव्हाच वाटलं होतं की तुम्हा तिघांचं आधीच ठरलेलं आहे.

मला न्हाण आलं तेव्हा अव्वानं हुग्गी, गव्हाची खीर, केली होती. आपल्यात विटाळ मानत नाहीत, त्यामुळे मला कोपऱ्यात बसवलं नाही, उलट चुलीजवळच पाट दिला आणि गुळाचा हात सैल सोडला. एवढं चांगलं चालू असताना मध्येच म्हणाली, "आता जपायचं. ह्या दिसांत तर लईच जपायचं." बस्स. मी हुग्गी खात विचार करत होते आणि माझ्या डोक्यात सगळं कसं पटापट जुळलं. तुम्ही माजावर आलेल्या म्हशीच्या मालकाला सांगत नव्हता का, की दोन दिवस बांधून ठेव, मोकळी सोडलीस तर कुठला तरी रेडा गाठेल? मला वाटलं, हा माझा माज. हे दिवस धोक्याचे, बाकीचे सगळे बिनघोर. खात्री करून घ्यावी म्हणून पुढच्या रविवारी भडगावच्या रस्त्याला मी मागून तुम्हाला विचारलं, "आप्पा, माणसांचं पण असंच असतंय काय?"

तुम्ही फटफटी थांबवली. मागं वळलासुद्धा नाही. हँडलवरचे तुमचे हात मला दिसत होते, जे हात कोपरापर्यंत म्हशीच्या पोटात जाऊन यायचे. "लई शानी झालीस," एवढंच म्हणाला आणि गाडी सुरू केली. त्यानंतर तुम्ही मला एकदाही बरोबर नेलं नाही. डबा धरायला चुलत्याचा पोरगा यायला लागला. मला मारलं असतं तर मी विसरून गेले असते.

बारावी झाल्या झाल्या लग्न झालं. मिस्टर शिरोलीच्या फौंड्रीत, माणूस शांत, मला कॉलेजला घालायचं कबूल करून केलेलं लग्न. पहिली तीन वर्षं मूल नको, आधी बीएस्सी, असं आमचं दोघांचं ठरलं होतं, आणि हे ठरलेलं पार पाडायची जबाबदारी अर्थातच माझी, कारण मी डॉक्टरची मुलगी. त्यांना काय कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. पाळीच्या दिवसांत मी त्यांना जवळ फिरकू दिलं नाही आणि बाकी दिवस बिनघोर. दिवाळीला मला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "काय काळजी घेतली नव्हती?" मी माझा हिशेब सांगितला. त्यांनी चष्मा काढला. "हे कुणी सांगितलं तुला?" आता म्हशीनं सांगितलं असं कसं सांगणार? कॉलेज त्या वर्षी सुटलं ते पोरगी चालायला लागेपर्यंत सुटलंच. बारशाला तुम्ही आलात, पाळण्यात वाकून बघितलंत आणि खुशीत म्हणालात, "पहिल्या वेताला रेडी. नशीब काढलं की!" मुलगी झाली म्हणून तोंड न पाडणारा त्या बारशात तुम्हीच एक बाप्या होता, म्हणून मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले. तुमची नात म्हशीच्या हिशेबानं जन्माला आली आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. निदान तेव्हा तरी नव्हतं.

रखडत रखडत बीएस्सी झाले, बीएड झाले आणि कोल्हापुरातच एका शाळेत विज्ञानाला लागले, शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे कायम होण्याआधीची उमेदवारी. तिसरं वर्ष चालू होतं तेव्हा सरकारला एकदम आठवण झाली की मुलामुलींना हे सगळं, लैंगिक शिक्षण म्हणून, शिकवलं पाहिजे. मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. इतकी वर्षं कुणाला पडली नव्हती, आताच का? प्रशिक्षणाला पुण्याहून आलेले साहेब "मोकळेपणानं बोला, मोकळेपणानं बोला" असं सारखं म्हणत होते आणि जेवणानंतर खरी चित्रं आली तेव्हा ती दाखवायचं काम बरोबरच्या बाईंवर टाकून ते स्वतः चहा घ्यायला गेले. चित्रांतली माणसं कुठली होती देव जाणे, आमच्या पोरींच्या घरातली नव्हती. सगळा भर रोगावर. हे पोरींच्या काळजीनं आलेलं नाही, कुणाच्या तरी भीतीनं आलेलं आहे असं मला वाटलं. पण चित्रात गर्भाशय होतं आणि धडा घरी वाचा असं सांगायचं नव्हतं, तेवढ्यावर मी तयार झाले.

नववीच्या मुली वेगळ्या बसवल्या आणि शिकवायला लागले. खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली. मुली खाली बघून बसलेल्या. दुसऱ्या तासाला मागच्या बाकावरची एक उभी राहिली. तिच्या घरी म्हशी, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर बाप संध्याकाळी म्हशी घेऊन धार काढायला उभा असायचा. दहावी झाली की हिचं लग्न, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, मुलगा बघून ठेवलेला होता. ती म्हणाली, "बाई, ह्यात काय एवढं? त्या दिवसांत लांब ऱ्हायलं की बास की. म्हशीचं न्हाई का तसंच." आप्पा, शब्दसुद्धा तेच. मी सांगणार तोवर घंटा झाली. म्हटलं, बाळ, पुढच्या तासाला.

पुढचा तास आलाच नाही. विधानसभेत एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं या एका गोष्टीवर एकदिलानं उभी राहिली. संस्कृती बुडणार म्हणाले, पोरं बिघडणार म्हणाले. शहरात निदर्शनं झाली. सरकारनं अंग काढून घेतलं आणि शाळेतला क्लार्क येऊन चित्रांचा गठ्ठा मोजून घेऊन गेला. त्याच आठवड्यात संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. दिवाळीच्या पाडव्याला स्वतःच्या म्हशीच्या शिंगांना रंग आणि मोरपिसं लावून रस्त्यानं पळवणारा गडी तो. म्हणाले, "दार लावून शिकवता म्हणं पोरींना? काय शिकवता दार लावून?" मी म्हटलं, सरकारी परिपत्रक होतं. "होतं. आता न्हाई. कायम व्हायचंय न्हवं तुमाला?" दाराची कडी त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली? शिपाई असेल, शेजारच्या वर्गावरचे सर असतील, एखादी मुलगीच घरी बोलली असेल. त्या दिवसांत मी स्टाफरूममध्ये कुणाच्या हातचा चहा घेतला नाही. पण चहापेक्षा मला ती मागच्या बाकावरची दिसत होती. माझा हिशेब चुकला तेव्हा माझी वर्षं गेली. ती तर दहावीवरच थांबणार होती, अंगाने काडी, आणि तिचं सासर म्हणजे कॉलेजला घालायचं कबूल करणारं नव्हतं. तिला एवढी एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती सांगितली तर माझी नोकरी जात होती.

आणि त्यातच अव्वाचा फोन आला. गावच्या ग्रामसभेत या विषयाच्या विरोधात ठराव झाला होता. तो कशाला, शाळा तुमच्या गावात आठवीपर्यंतचीच. पण सगळीकडे होत होते म्हणून झाला. आणि मोठं माणूस म्हणून तुम्हाला बोलायला उभं केलं तर तुम्ही म्हणालात, "आमाला कुणी शिकिवलं हुतं? आमचं काय अडलं?" टाळ्या पडल्या म्हणे. अव्वा कौतुकानं सांगत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं अडलं, म्हणावं. त्यांची नात कशी झाली ते सांग त्यांना." आणि मग आजवर कुणाला न सांगितलेलं ते सगळं मी तिला फोनवर ओरडून सांगितलं, म्हैस, माज, हुग्गी, सगळं. मग अव्वा म्हणाली, "दूध उतू चाललंय," आणि फोन ठेवला.

तुम्ही त्यानंतर लगेचच आलात. न कळवता, एसटीनं, सेवानिवृत्त माणूस, गुडघे धरलेले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांब सुरळी. चहा घेतलात, नातीला जवळ बसवून तिच्या डोक्यावर हात ठेवलात, तो जरा जास्तच वेळ ठेवलात असं मला वाटलं. मग सुरळी माझ्याकडं सरकवलीत. "सोसायटीला रंग दिला. हे अडगळीत पडलं असतं. तुज्या शाळंत लाव." मी सुरळी उलगडली आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, टोमणा आहे हा. सगळं गाव माणसाचं चित्र काढून घेतंय आणि माझा बाप मला म्हैस आणून देतोय. मी विचारलं, "हे घेऊन मी काय करू, आप्पा?" तुम्ही टोपी काढलीत, गुडघ्यावर ठेवलीत. "म्हशीला कोण न्हाई म्हणणार न्हाई," म्हणालात. मग म्हणालात, "आणि दार उघडं ठिवून शिकीव. दार लावलं की लोकास्नी वास येतोय." मी काही बोलणार तोच, "औंदा वैरण महाग हाय," असं म्हणून तुम्ही एसटीची वेळ बघायला उठलात.

मी तक्ता लावला. दुग्धव्यवसाय हा कार्यानुभवात बसतो, कुणाच्या बापाची हरकत नव्हती. दार सताड उघडं टाकलं आणि मुलींना म्हैस शिकवायला लागले. आणि आप्पा, तुम्हाला हे सांगायचं राहूनच गेलं, अध्यक्ष स्वतः आले. व्हरांड्यातून चालले होते, तक्ता दिसला, थांबले, आत आले. "ही पंढरपुरी दिसती, मुऱ्हा न्हवं," म्हणाले आणि पट्टी माझ्या हातातून घेतली. मग त्या माणसानं नववीच्या मुलींना माज कसा ओळखायचा, कधी भरवायची, गाभण राहिली का नाही ते कसं बघायचं, सगळं साग्रसंगीत सांगितलं. मुली ओढण्या तोंडात कोंबून बसल्या होत्या. जाताना म्हणाले, "चांगलं चाललंय बाई. ह्येच शिकवाय पायजे. संसाराला उपेगी पडतं." ते दिसेनासे झाल्यावर मी पट्टी उचलली आणि आवाज न चढवता, न उतरवता सांगितलं, "इथवर म्हैस. आता तिच्यात आणि आपल्यात काय फरक आहे ते नीट ऐका." धोक्याचे दिवस पाळीचे नव्हेत, दोन पाळ्यांच्या मधले, पण त्या मधल्याचाही भरवसा धरू नका, कुठलेच दिवस बिनघोर नसतात, लग्न झालं की आधी दवाखान्यातल्या बाईंना जाऊन विचारा. मागच्या बाकावरची मान वर करून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "म्हंजे म्हशीवरनं धरायचं न्हाई?" म्हटलं, "अजिबात नाही." कधीमधी वाटतं, अध्यक्षांना तरी सगळं कळलं नसेल कशावरून? ते दारात जरा जास्तच वेळ रेंगाळले होते.

ती मुलगी पुढं बऱ्याच वर्षांनी रंकाळ्यावर भेटली, कणीस खात होती, बरोबर एकच पोरगं, तेही ती चांगली मोठी झाल्यावर झालेलं दिसत होतं. मला बघून लांबूनच ओरडली, "बाई, म्हैस ध्यानात हाय!" नवरा बावचळून बघायला लागला.

पण तुमची गोष्ट राहिली. तुम्ही गेलात त्यानंतर अव्वाबरोबर मी सोसायटीत गेले, तुमच्या नावाचं काही काम होतं. माप घेणाऱ्याच्या मागं बघितलं. भिंत तशीच, धुरकट, पिवळी पडलेली, दुधाच्या शिंतोड्यांची. आणि मधोमध एक लांबट चौकोन तेवढा पांढरा. रंग कुणी दिला नव्हता. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "डॉक्टरनी एक दिस येऊन काढून न्हेला. कुणाला काय बोललं न्हाईत. आमी म्हटलं, ठेवू द्यात घरात आठवण म्हणून." अव्वाकडं वळून मी विचारलं, तू त्यांना सांगितलं होतंस ना, मी फोनवर बोलले ते? "मी कशाला सांगू बाई," म्हणाली आणि पायरी उतरून उन्हात गेली. मालकाचं ऐकायचं, पर जनावराला बघायचं. तुमचं मी ऐकलं होतं, टाळ्या पडल्या ते. भिंत बघितली ती नंतर. तुम्हाला कळलं होतं, आप्पा. फटफटीवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही काखेत मारून एसटीनं आणलंत आणि तोंडानं वैरणीचं बोललात. असं मी मानते. खात्री नाही. कदाचित तुम्हाला तो तक्ता नुसताच शाळेत शोभेल असं वाटलं असेल. तुमच्यावर प्रेम करणं सोपं आहे, तुमच्यावर विश्वास ठेवणं अजून जमत नाही.

हे सगळं आजच का लिहायला बसले ते सांगते आणि थांबते. मघाशी तुमच्या नातीचा फोन आला होता. तिला आता मूल हवं आहे, दिवसांचं काही विचारायचं होतं. मी न लाजता, एकूण एक सगळं सांगितलं, तक्ता डोळ्यासमोर धरून. शेवटी ती हसून म्हणाली, "आई, कुजबुजतेस का गं एवढी? घरात कोणी आलंय का?" मी म्हटलं, नाही गं, कोणी नाही. आणि खरंच कोणी नव्हतं. हे लिहितानाही कोणी नाही, मिस्टर फिरायला गेले आहेत. पण उठून बघितलं तर दाराला आतून कडी होती. मीच घातली असणार.